नियम सगळ्यांना सारखाच आहे, मग तक्रार कसली?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही टीम लीड आहात आणि तुमच्या टीममध्ये पाच-सहा देशांतून आलेली माणसं आहेत. एका सहकाऱ्याला धर्माच्या कारणाने शनिवारची शिफ्ट लावायची नाही असं एचआरने सांगितलंय आणि त्यावरून बाकीचे कुरकुरतायत. एका सहकारिणीने तक्रार केलीय की तिच्या अ‍ॅक्सेंटमुळे तिला क्लायंटचे कॉल देत नाहीत. आणि तिसरा एक जण आहे जो टीममधल्या सीनियर बाईकडून सूचना घेत नाही, वर 'आमच्या संस्कृतीत असं नसतं' म्हणतो. आणि मग तुमचा मूळ प्रश्न, की लोकशाहीत सगळे समान आहेत ना, मग एकच नियम सगळ्यांना लावायचा आणि मोकळं व्हायचं, हे वंश, संस्कृती, सूट वगैरे मध्ये कशाला आणायचं?

प्रश्न रास्त आहे, आणि तुम्ही तो चिडून विचारला असलात तरी वाईट मनाने विचारलेला नाही हे कळतंय. फक्त एक गडबड आहे. तुम्ही या तिन्ही गोष्टी 'विविधतेची कटकट' म्हणून एकत्र बांधल्यात, आणि त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात नियमच तपासायला लागतो, दुसऱ्यात निर्णय घेणारा माणूस तपासायला लागतो, आणि तिसऱ्यात तर सूट द्यायचा प्रश्नच येत नाही. तिन्हींना एकच उत्तर दिलं की कुठेतरी अन्याय होणारच.

मी कामाच्या ठिकाणच्या भेदभावाच्या तक्रारींची चौकशी आणि मध्यस्थी करते, बरीच वर्षं हेच करतेय, त्यामुळे जे लिहितेय ते त्या अनुभवातून. आणि आधीच सांगते की बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही कुठल्या देशात आहात, तिथला कायदा खाजगी कंपनीला किती बांधतो, टीम आठ जणांची आहे की आठशे, काम सुरक्षिततेचं आहे की कागदपत्रांचं, यावर तपशील बदलतात. विचार करायची पद्धत मात्र फारशी बदलत नाही, म्हणून तीच सांगते.

आधी 'एकच नियम सगळ्यांना' हे घेऊ, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. हा युक्तिवाद नवा नाही, कोर्टात अगदी असाच मांडला गेलाय. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात गोऱ्या माणसाने काळ्या माणसाशी लग्न करणं गुन्हा होता. मिल्ड्रेड आणि रिचर्ड लव्हिंग या जोडप्याने 1958 मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, घरी परतले तर अटक झाली, आणि शिक्षा अशी की 25 वर्षं राज्याबाहेर राहाल तर तुरुंगात टाकणार नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा राज्य सरकार म्हणालं की आम्ही गोऱ्यालाही शिक्षा देतो आणि काळ्यालाही तीच देतो, मग भेदभाव कुठे झाला? 1967 मध्ये कोर्टाने हे साफ फेटाळलं, कारण शिक्षा दोघांना सारखी असली तरी तो नियम बनवलाच होता गोऱ्यांचं वरचं स्थान टिकवायला.

ऑस्ट्रेलियाने तर याहून हुशारी केली. गोरे नसलेल्यांना बाहेर ठेवायला केलेल्या 1901 च्या तिथल्या इमिग्रेशन कायद्यात वंशाचा शब्दही नव्हता, फक्त 50 शब्दांची श्रुतलेखन परीक्षा होती, युरोपातल्या कुठल्याही भाषेत. भाषा कुठली ते अधिकारी ठरवणार. म्हणजे जो माणूस नको असेल त्याला येत नसलेली भाषा निवडायची की झालं, कागदावर नियम सगळ्यांना सारखा. 1934 मध्ये एगॉन किश नावाच्या पत्रकाराला, जो गोरा युरोपियनच होता पण राजकीयदृष्ट्या नकोसा होता आणि ज्याला बऱ्याच भाषा येत होत्या, त्याला चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये परीक्षा द्यायला लावली. तिथल्या हायकोर्टाने ते उडवून लावलं तो भाग वेगळा, पण ही परीक्षा कायद्यातून जायला 1958 उजाडलं.

तुम्ही म्हणाल ही टोकाची उदाहरणं झाली, इथे हेतूच वाईट होता, आमच्या ऑफिसात असं कोणी नाही. मान्य. म्हणून आता अवघड केस घ्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक पॉवर कंपनीच्या एका वीज केंद्रात काळ्या कामगारांना फक्त मजुरीच्या विभागात ठेवत असत, आणि तिथला सगळ्यात जास्त पगार हा दुसऱ्या विभागांतल्या सगळ्यात कमी पगारापेक्षाही कमी होता. वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याचा नोकरीबाबतचा भाग 2 जुलै 1965 ला लागू झाला. कंपनीने भेदभाव थांबवला, पण त्याच दिवसापासून चांगल्या विभागांसाठी दोन लेखी चाचण्या लावल्या, हायस्कूल पास असण्याची अट होतीच. नियम सगळ्यांना सारखा. पण ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या वेगळ्या आणि निकृष्ट शाळांत घातलं होतं तो त्यात गळणार हे उघड होतं, आणि गंमत म्हणजे आधीपासून त्या विभागांत असलेले, हायस्कूल न झालेले गोरे कामगार तेच काम व्यवस्थित करत होते, त्यांना बढत्याही मिळत होत्या. म्हणजे त्या अटीचा कामाशी संबंधच नव्हता. याच कंपनीविरुद्धच्या 1971 च्या ग्रिग्ज निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हेतू काय होता ते राहू द्या, नियमाने एका गटाचे लोक जास्त प्रमाणात बाहेर पडत असतील तर त्या नियमाचा कामाशी संबंध मालकाने दाखवायचा. यालाच आता अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. भारताच्या सुप्रीम कोर्टानेही 2021 मध्ये लष्करातल्या महिला अधिकाऱ्यांच्या नितिशा खटल्यात ही कल्पना स्पष्टपणे उचलून धरली.

माझ्या कामात मी म्हणूनच पहिल्या भेटीत 'तुमचा हेतू काय होता' हे विचारत नाही. विचारलं की समोरचा स्वतःला वाचवण्यात गुंततो, आणि खरं सांगायचं तर दहातल्या नऊ जणांचा हेतू वाईट नसतोच. मी विचारते की हा नियम कधी आला, कशासाठी आला, आणि तो लिहिला तेव्हा खोलीत कोण कोण होतं. शेवटच्या प्रश्नावर बरेच जण थांबतात. आठवड्याची सुट्टी कधी, ड्रेस कोड काय, 'प्रोफेशनल' दिसणं म्हणजे काय, हे सगळं कोणीतरी स्वतःच्या सवयीप्रमाणे ठरवलेलं असतं, आणि ज्याच्या सवयीप्रमाणे ठरलं त्याला ते नियम वाटतच नाहीत, हवेसारखे असतात. ज्याची सुट्टी आधीच कॅलेंडरमध्ये छापलेली आहे त्याला सूट मागावी लागत नाही, मग त्याला वाटतं की सूट मागणारे दुसरेच.

याचा अर्थ सगळेच सारखे नियम संशयास्पद असा मात्र काढू नका, तिकडेही लोक घसरतात. मताची किंमत, त्याच कामाचा पगार, छळाची तक्रार झाली तर चौकशी, शिस्तभंगाची शिक्षा, इथे सगळ्यांना एकच माप आणि त्यात अजिबात तडजोड नाही. वेगळा विचार करायचा तो जिथे नियमाचा उद्देश दुसऱ्या मार्गानेही साधतो तिथे.

आता तुमचा शनिवार. असं प्रकरण आलं की मी तीन गोष्टी बघते. त्या नियमाने नक्की काय साधायचंय, तो कोणाला बाकीच्यांपेक्षा जास्त लागतो, आणि उद्देश न सोडता दुसरी सोय होते का आणि तिला खर्च किती. कॅनडात 1985 मध्ये याच विषयावर एकाच दिवशी सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल आले आणि ते दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एक थेरेसा ओ'मॅली यांचा, दुकानात विक्रेत्या होत्या, त्यांच्या पंथाप्रमाणे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत काम करायचं नसतं, आणि नोकरीची अट म्हणजे आलटून पालटून शनिवारी यायचं. कोर्टाने म्हटलं की मालकाने अवाजवी त्रास होईल त्या मर्यादेपर्यंत सोय करून द्यायलाच हवी होती, आणि ती का करता आली नाही हे त्याने दाखवलेलं नाही. त्या जिंकल्या. दुसरा भिंदर नावाच्या शीख इलेक्ट्रिशियनचा, रेल्वेत काम, पगडीमुळे हेल्मेट घालू शकत नव्हते. ते हरले, कारण कोर्टाने हेल्मेट ही त्या कामाची खरी गरज मानली. पुढे 1990 मध्ये त्याच कोर्टाने भिंदर निकालातला काही तर्क चुकला होता असंही म्हटलं. आणि ब्रिटनने 1976 मध्ये कायदा करून पगडी घालणाऱ्या शीखांना मोटारसायकलवर हेल्मेटमधून सूट दिली. म्हणजे विचारी लोकांचंही इथे एकमत होत नाही, आणि सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मी स्वतः खूप सावध असते, विशेषतः धोका त्या माणसापुरता आहे की शेजारी काम करणाऱ्यालाही आहे हे आधी बघते. पण तुमची केस हेल्मेटची नाही, रोस्टरची, म्हणजे शिफ्टच्या वेळापत्रकाची आहे. रोस्टर बदलता येतो.

राहिली टीमची कुरकुर. यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करणं हे तुमचं काम आहे. एक कुरकुर असते 'त्यालाच का' अशी, तिला मी फार किंमत देत नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये रविवारी काम नको म्हणणाऱ्या ग्रॉफ नावाच्या टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात हेच सांगितलंय, की नकार द्यायचा तर धंद्याच्या मानाने मोठा खर्च किंवा त्रास दाखवायला हवा, आणि सहकाऱ्यांना त्या धर्माबद्दल किंवा सोय देण्याबद्दलच राग आहे हे कारण चालणार नाही. पण दुसरी कुरकुर खरी असते: त्याचा शनिवार प्रत्येक वेळी त्याच दोघांच्या बोकांडी बसतोय, त्यांना विचारलेलं नाही, बदल्यात काही दिलेलं नाही. तसं असेल तर टीम बरोबर आहे आणि चूक रोस्टर बनवणाऱ्याची आहे. त्याला रविवार किंवा सणाची शिफ्ट द्या, ज्या दिवशी बाकीच्यांना घरी राहायचं असतं, आणि अदलाबदल सगळ्यांसाठी खुली करा, मग कारण धर्म असो, आजारी आई असो किंवा मुलीची मॅच. असं केलं की 'सूट' हा शब्दच हळूहळू गळून पडतो असा माझा अनुभव आहे, आणि ज्यांनी जास्त कुरकुर केली असते तेच पहिल्यांदा अदलाबदल मागायला येतात.

दुसरी गोष्ट, अ‍ॅक्सेंटची. ही तुम्ही एका ओळीत उरकलीत, पण मला विचाराल तर तिघांतली सगळ्यात गंभीर हीच. शनिवारची गोष्ट सगळ्यांसमोर आहे, त्यावर भांडता येतं. इथे कोणीतरी रोज मनातल्या मनात ठरवतंय की हा कॉल हिला नको. विचारलं तर उत्तर मिळतं 'क्लायंटला समजायला हवं ना'. ठीक आहे, समजायला हवंच, ती कामाची खरी गरज असू शकते. मग तपासा. किती क्लायंटनी खरंच सांगितलं की समजत नाही? तिने लिहिलेल्या मेल्सबद्दल काही तक्रार आहे का? तितकाच जड अ‍ॅक्सेंट असलेला पण दुसऱ्या देशातला कोणी आहे का ज्याला कॉल मिळतात? हा तुलनेचा प्रश्न माझ्या कामातला सगळ्यात उपयोगी प्रश्न आहे, बाकी सगळं तेच ठेवून फक्त माणसाचा गट बदलला असता तर हाच निर्णय झाला असता का. आणि क्लायंट म्हणाला की 'मला तसला माणूस नको', तर तो क्लायंटचा पूर्वग्रह आहे, तो तुम्ही पुढे चालवला की तुमचा होतो. बऱ्याच देशांत कायदाही हेच म्हणतो.

हे मनातल्या मनात घडतं म्हणजे किती घडतं याचा अंदाज हवा असेल तर बोस्टन आणि शिकागोमध्ये झालेला एक प्रयोग बघा, 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन अर्थतज्ज्ञांनी नोकरीच्या जाहिरातींना सुमारे 5000 बनावट बायोडेटा पाठवले, पात्रतेत फरक नाही, फक्त वरची नावं काही ऐकायला गोऱ्यांची वाटणारी आणि काही काळ्यांची वाटणारी. गोऱ्या नावांना साधारण 10 अर्जांमागे एक फोन आला, काळ्या नावांना 15 मागे एक. त्या कंपन्यांतल्या कुठल्याही एका माणसाला विचारलं असतं तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की मी नाव बघून ठरवत नाही, आणि त्याचा त्यावर विश्वासही असता.

म्हणून आकडे. 'आम्ही वंश बघतच नाही' हे वाक्य मी सतत ऐकते, आणि माणसा-माणसातल्या वागण्यात ते चांगलंच आहे, पण संस्थेने म्हटलं की मी काळजीत पडते, कारण जे बघतच नाही ते मोजणार कसं. चेक प्रजासत्ताकातलं ऑस्ट्राव्हा शहर घ्या. तिथे रोमा समाजाच्या (युरोपातला एक वंचित अल्पसंख्याक समाज) मुलांना मानसिक क्षमतेची चाचणी घेऊन वेगळ्या 'विशेष' शाळांत घालायचे, चाचणी सगळ्यांना तीच, पालकांची सहीसुद्धा घ्यायचे. 18 मुलांच्या वतीने प्रकरण युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेलं. एकेका मुलाची फाइल उघडली तर प्रत्येकीत काही ना काही कारण लिहिलेलं, सगळं नियमानुसार. पण अर्जदारांनी आकडे मांडले की त्या शहरात रोमा मूल विशेष शाळेत जाण्याची शक्यता बाकीच्या मुलांच्या 27 पट आहे. 2007 मध्ये न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाने हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. ही गोष्ट एकेका फाइलमधून कधीच दिसली नसती.

यावर देशादेशांत मतभेद आहेत हेही सांगते. ब्रिटनच्या जनगणनेत 1991 पासून वांशिक गटाचा प्रश्न आहे. फ्रान्सची भूमिका उलट, प्रजासत्ताकाला फक्त नागरिक दिसतात, आणि 2007 मध्ये तिथल्या घटना परिषदेने वांशिक मूळ किंवा वंश यावर आधारित आकडेवारी घटनेला धरून नाही असं ठरवलं. फ्रान्सची भीती खोटी नाही, युरोपात नाझी काळात अशाच याद्या हातात घेऊन माणसं उचलून नेली गेली आहेत. तरी माझा कल मोजण्याकडेच आहे, माहिती ऐच्छिक असावी, नावापासून वेगळी ठेवलेली असावी आणि ज्याच्या हातात निर्णय आहे त्याला वैयक्तिक नोंद दिसू नये, एवढ्या अटींवर. आणि मोजायचं तर टप्प्याटप्प्याने, अर्ज किती, शॉर्टलिस्ट किती, इंटरव्ह्यूनंतर किती, दोन वर्षांनी प्रमोशन किती, कारण एकूण संख्या छान दिसते आणि गळती मधल्या एखाद्या टप्प्यावर असते, बहुतेक वेळा तिथे जिथे शेरा 'कल्चर फिट नाही' असा असतो. तुमची टीम आठ-दहा जणांचीच असेल तर टक्केवारी काढू नका, त्यातून काहीच निघत नाही. तिथे फक्त कॉल कोणाला दिले त्याची तीन महिन्यांची यादी काढा.

मध्येच कोणीतरी म्हणतंच की वंश असं काही जीवशास्त्रात नसतंच, मग मोजता काय. बरोबर आहे, नसतं. अमेरिकेत तेव्हा बाहेरून आलेल्याला नागरिकत्व मिळायला गोरा (किंवा आफ्रिकी वंशाचा) असण्याची अट होती. जपानहून आलेल्या ताकाओ ओझावा यांनी नागरिकत्व मागितलं, 1922 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की गोरा म्हणजे कॉकेशियन, म्हणजे त्या काळचं शास्त्र ज्याला गोरा वंश म्हणायचं तो, आणि तुम्ही ते नाही. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी 1923 मध्ये, भगतसिंग थिंड यांची केस आली, पंजाबचे, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते, ते म्हणाले की तुमच्याच शास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन आहेत. तेव्हा तेच कोर्ट म्हणालं की शास्त्र बाजूला ठेवा, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा. म्हणजे रेघ कुठे मारायची हे सोयीने ठरत होतं, पण त्या निकालानंतर ज्यांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं गेलं त्यांचं नुकसान पूर्ण खरं होतं. मोजतो ते हे नुकसान, रक्त नाही.

आता तिसरा माणूस, जो बाईकडून सूचना घेत नाही. इथे मी तुमच्या बाजूने आहे आणि अजिबात नरम नाही. त्याला शनिवार हवा असता तर तो स्वतःच्या जगण्यापुरता काही मागत होता. इथे तो दुसऱ्या व्यक्तीचं स्थान कमी करायला मागतोय. सांस्कृतिक हक्क माणसाला असतात, संस्कृती नावाच्या वस्तूला नसतात, आणि त्यामुळे एकाचा सांस्कृतिक हक्क दुसऱ्याच्या समान हक्काच्या अलीकडेच थांबतो. हस्तांदोलन करायचं नसेल तर हात जोडून नमस्कार करू द्या, फक्त सगळ्यांशी तसंच वागू द्या, बायकांशी एक आणि पुरुषांशी दुसरं असं नको. पण रिपोर्टिंग, सूचना, मूल्यमापन यात वेगळी वागणूक हा शिस्तीचाच विषय.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तो म्हणाला 'आमच्या संस्कृतीत असं नसतं' म्हणजे ते खरंच आहे असं धरू नका. त्याच संस्कृतीतल्या बायकांना कोणी विचारलंय? संस्कृतीच्या वतीने बोलणारा बहुतेक वेळा तिच्यात ज्याचं चालतं तोच असतो. कॅनडात सँड्रा लव्हलेस नावाची मूलनिवासी समाजातली स्त्री होती, तिने समाजाबाहेर लग्न केलं म्हणून कायद्याने तिचा मूलनिवासी दर्जाच गेला, पुरुषाने तेच केलं तर त्याचा जात नव्हता. लग्न मोडल्यावर तिला आपल्या माणसांत परत राहायला जायचं होतं. ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेली आणि 1981 मध्ये समितीने म्हटलं की तिला स्वतःच्या संस्कृतीत राहण्याचा हक्क नाकारला गेलाय. 1985 मध्ये कॅनडाने कायदा बदलला. लक्षात घ्या, तिला संस्कृतीपासून सुटका नको होती, तिच्यात बरोबरीची जागा हवी होती. याच्या उलटही झालंय. अमेरिकेत ज्युलिया मार्टिनेझ यांची साधारण अशीच तक्रार होती, त्यांच्या मूलनिवासी जमातीत बाहेर लग्न करणाऱ्या पुरुषांची मुलं सदस्य होत, बायकांची नाही, पण 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जमातीच्या अशा अंतर्गत नियमाविरुद्ध जमातीवर फेडरल कोर्टात दावा चालणार नाही. जमातींची स्वायत्तता सरकारांनी शतकभर तुडवली होती, त्यामुळे त्या निकालामागची भीती मला समजते, पण मार्टिनेझ यांच्या मुलांच्या हातात त्याने काही पडलं नाही. अशा ठिकाणी दोन्ही बाजू पूर्ण समाधानी होतील असं उत्तर मला तरी सापडलेलं नाही. सुदैवाने तुमच्या ऑफिसला कुठल्या जमातीची स्वायत्तता सांभाळायची नाहीये, तिथे गोष्ट सोपी आहे.

आरक्षण, कोटा वगैरे तुम्ही ओझरतं विचारलंय, त्यावर थोडक्यात. वांशिक भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार 1965 मध्ये संमत झाला, त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की मागे पडलेल्या गटाला बरोबरीला आणण्यासाठीचे विशेष उपाय हा भेदभाव नाही, मात्र उद्दिष्ट साधल्यावर ते चालू ठेवू नयेत. भारताने याच हेतूने 1951 मध्ये घटनेत मागासवर्गांसाठी विशेष तरतूद करायची मुभा देणारं कलम 15(4) घातलं, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये कॉलेज प्रवेशात वंश विचारात घेण्याला जवळजवळ पूर्णविराम दिला, म्हणजे लोकशाही देशांत यावर टोकाची मतं आहेत. माझं मत विचाराल तर उपाय हवेत, पण ते कशासाठी आहेत आणि कशावरून कळेल की झालं, हे सुरुवातीलाच लिहिलेलं हवं. हा टीम लीड म्हणून तुमच्या अखत्यारीतला विषय मात्र नाही, त्यामुळे इथे थांबते.

तुम्ही आता काय करायचं ते सांगते. रोस्टर उघडा आणि शनिवार गेल्या काही महिन्यांत कोणावर पडले ते बघा, वाटप दुरुस्त करा, अदलाबदलीचा नियम लिहून सगळ्यांना एकदम पाठवा. कोणाला कुठल्या कारणाने सोय मिळाली हे टीमला सांगू नका, कोणी विचारलं तर नियम सांगा, कारण नाही, ती त्या माणसाची खाजगी बाब आहे. तिसऱ्या माणसाशी एकट्याने बोला, त्याच्या धर्माबद्दल किंवा देशाबद्दल एक शब्द न काढता, फक्त अमुक दिवशी अमुक सूचना पाळली नाही एवढंच, आणि त्याची नोंद ठेवा.

आणि अ‍ॅक्सेंटची तक्रार तुम्ही स्वतः हाताळू नका. कॉल वाटतं कोण? तुम्हीच ना? मग ती तक्रार तुमच्याबद्दलही आहे, तुम्ही कितीही प्रामाणिक असलात तरी स्वतःच्याच निर्णयाची चौकशी तुम्ही करू शकत नाही. यादी काढून एचआरला किंवा बाहेरच्या कोणाला द्या आणि बाजूला व्हा. तोपर्यंत तिचं रेटिंग, शिफ्ट, प्रोजेक्ट यातलं काहीही एकट्याने बदलू नका, चांगल्या मनाने सुद्धा नको, कारण तक्रारीनंतर केलेला प्रत्येक बदल सूड म्हणून वाचला जाऊ शकतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत मूळ तक्रार सिद्ध न होता नंतरचा सूड सिद्ध झाला असं बऱ्याचदा होतं. यादी काढल्यावर काय दिसलं ते इथे लिहिलंत, नावं वगळून, तर पुढचं बोलता येईल.